हात पोचतो तिथवर

त्यानं शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि टेबलावर पालथा झाला. कपाळ दोन्ही हातांवर टेकवलं. मागे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि मग फिजिओचा गार अंगठा त्याच्या कमरेशी टेकला.

“इथे दुखतं, काका?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

अंगठा मणक्याच्या रेषेनं वर सरकत गेला. पाठीच्या मध्यापर्यंत तो त्याला कळत होता. त्याच्या वर तो कुठे गेला, ते मात्र कळलं नाही.

चार महिन्यांपूर्वी तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि पडला तो स्वतःच लावलेली शिडी निसटून. मणक्यात दोन सळ्या आणि आठ स्क्रू बसले. टाके निघाले तेव्हा दोन खांद्यांच्या मधून कमरेपर्यंत एक बारीक जांभळी रेघ होती. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून, हातात दाढीचा आरसा धरून त्यानं ती पाहिली होती आणि काम सफाईदार झालंय, असं मनातल्या मनात मान्यही केलं होतं. पण गेल्या दीड महिन्यात ती बदलली. वरची बाजू फुगली, बनियनवरूनही तिचा उंचवटा दिसू लागला. आतली सळई बाहेर यायला बघतेय की काय, अशी शंका त्याला आंघोळ करताना येई आणि दिवसभर सोबत राही. घरी विचारायला कोणी नव्हतं. फिजिओला विचारायचं, तर पंचाईत होती.

पहिल्याच दिवशी तिनं सहज विचारलं होतं, “घरी मलम चोळून द्यायला कोणी आहे ना?”

“आहे ना, बायको आहे,” तो म्हणाला होता.

तोंडातून निघून गेलं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. चूक सुधारायला तो तोंड उघडणार, तोच तिनं “मग काळजी नाही” म्हणत मलमाचं नाव लिहून कागद हातात दिला. पुढच्या मंगळवारी तिनं विचारलं, “काकू करतात ना नीट?”

“करते, पण तोंडाचा पट्टा चालू असतो.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या बोलण्यावर कोणीतरी हसलं होतं. मग बायको काय म्हणाली म्हणून उद्या सांगायचं, ते तो सोमवारपासूनच ठरवू लागला. कधी ती त्याच्या चुळबुळीवर वैतागे, कधी मलमाच्या वासानं नाक मुरडे. ती असती तर असंच काहीतरी म्हणाली असती, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटतही नसे. वर्कशॉपमध्ये तिचा विषय निघाला की माणसं हातातल्या पान्याकडे बघू लागत. तिच्याबद्दल आपण होऊन विचारणारी ही एकच जागा उरली होती, मंगळवारी अर्धा तास.

मलम तो स्वतःच लावायचा. खालून हात मागे नेला की पाठीच्या मध्यापर्यंत बोटं पोचत. वरून न्यावा तर खांदा आखडलेला. मधे वीतभर जागा राहून जाई.

“उठून बसा जरा,” फिजिओ म्हणाली. तिनं त्याच्याच फोनवर पाठीचा फोटो काढला आणि फोन त्याच्या हातात दिला.

आपला व्रण त्यानं इतका स्वच्छ पहिल्यांदाच पाहिला. खालची अर्धी रेघ फिकट, सपाट, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी. मग एका ठिकाणी ती अचानक जाड होत होती, आणि तिथून वर लालभडक, चकचकीत, दोरीसारखी.

“सळईचं काही नाही ना?” त्यानं विचारून टाकलं.

“सळई जागच्या जागी आहे. व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो, घाबरायचं नाही. खालचा भाग बघा किती छान बसलाय. वरच्या भागाला मात्र हातच लागलेला नाही.”

तो फोनकडे बघत राहिला.

“ती जरा बुटकी आहे,” तो म्हणाला.

फिजिओनं टेबलाकडे पाहिलं. पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीला मलम लावायला उंची लागत नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. त्यानं शर्ट उचलला. बाही उलटी झाली होती. ती सुलटी करायला त्यानं लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेतला.

तिनं कपाटातून स्पंजचा एक चेंडू काढला, लांब मोज्यात घातला आणि मोज्याचं तोंड बांधलं.

“हे असं खांद्यावरून मागे सोडायचं. बाहेरून मऊ फडकं, त्याला मलम. भिंतीला पाठ टेकायची आणि गुडघ्यांतून हळूहळू खाली-वर व्हायचं. जोर नाही द्यायचा.” तिनं स्वतः भिंतीला टेकून दाखवलं. “काकू कधी गावाला गेल्या, तर तुमचं अडायला नको.”

तो बटणं लावत होता. वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते त्यानं काढलं.

“गेलीच आहे ती,” तो म्हणाला. “बऱ्याच दिवसांसाठी.”

तिनं चेंडूसकट मोजा एका पिशवीत घालून त्याच्या हातात दिला.

“मग रोज करा,” ती म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ, पाच-पाच मिनिटं.”

त्यानं रोज केलं. स्वयंपाकघरात, खिडकी आणि कपाट यांच्या मधल्या भिंतीला टेकून, घड्याळ लावून. पहिले दोन आठवडे वर काहीच कळत नसे. नुसता चेंडू भिंतीवर घासल्याचा आवाज. मग मुंग्या येऊ लागल्या, मग एके दिवशी चक्क दुखलं.

मंगळवारी तो जात राहिला. फिजिओ व्यायाम घेई, व्रण तपासे, “लाली उतरतेय” म्हणे. काकूंबद्दल ती आता विचारत नव्हती, आणि त्याच्याकडेही सांगायला काही नव्हतं. बसमधून परतताना त्याला वाटे, आपण उगाच बोललो. पाठ सुधारली, पण मंगळवारची ती अर्ध्या तासाची बायकोही गेली.

पाचव्या मंगळवारी तो पालथा पडला होता. फिजिओ कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होती.

“काका, काकूंचं नाव काय हो?”

तीस वर्षं त्यानं तिला ‘अगं’ म्हणूनच हाक मारली होती. नाव लागायचं ते फॉर्म भरताना. त्यानं घसा खाकरला आणि उशीत तोंड असतानाच नाव सांगितलं.

“परत सांगा,” ती म्हणाली. “नळ चालू होता.”

त्यानं मान उचलली आणि परत सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं.