ती उठली

…मूठच होती ती. कोटाच्या खिशात रुमाल शोधताना हाताला लागलेली, तांबड्या प्लास्टिकची, अंगठा आत दुमडलेली एवढीशी मूठ. तनूच्या रोबोची. कधीतरी 'आई, ठेव गं' म्हणून दिलेली – तेव्हा पोरगी अजून मराठी बोलायची. आसावरीने ती तशीच मुठीत धरून ठेवली. शेजारी तनू, पंधरा वर्षांची, पडद्याला डोळे लावून. साउथहॅम्प्टनच्या त्या थिएटरात भर दुपारीही खुर्ची रिकामी नव्हती.

असले रोबो म्हणे मागे पडले होते. बेंबीच्या देठापासून ओरडणारे, घाव घालण्याआधी त्या घावाचं नावही ओरडून सांगणारे जपानी वीर – मधल्या काळात लोकांना हसू यायचं त्यांचं, आणि आता पुन्हा सगळ्यांना तेच सळसळतं रक्त हवंय… तनूने बसमध्ये हे सांगितलं, ते इंग्रजीत. गणपतीपासून सगळं इंग्रजीतच. तेव्हा हॉलमध्ये चारचौघांत ती मोठ्या हौसेने म्हणाली होती, माझी रोबो पडली तरी उठते. आणि आसावरीने, कोणी विचारलं नसताना, सुधारलं – माझा रोबो, उठतो. पाहुणे हसले. झालं. पोरीने मराठीला जे कुलूप घातलं ते घातलंच.

पडद्यावरचा रोबो समुद्रात कोसळला होता, एक हात तुटून. आत बसून तो चालवणारी मुलगी नुसती ओरडत होती. काय हा वेडेपणा, असं आसावरी मनात म्हणते आहे तोच पाणी फुगलं – खांदा आला, छाती आली, आपल्या बंदरावरच्या क्रेन गुडघ्याला लागाव्यात एवढं ते धूड वर येतच राहिलं, येतच राहिलं… अख्खं थिएटर त्या मुलीबरोबर ओरडायला लागलं. आसावरीच्या अंगावर सरसरून काटा आला. बाई गं! आपण जन्मात कधी एवढ्या मोठ्याने काही मागितलं होतं का?

तनूने तिचा दंड गच्च धरला.

"आई, ती उठली!"

उठला – शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला. आसावरीने तो गिळला.

"हो गं," ती म्हणाली, "उठली."

तनूने अंधारात एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. परतताना बसमध्ये ती कुठल्या भाषेत बोलेल, कोण जाणे. दंडावरचा हात मात्र तिने काढला नव्हता. आसावरी मान वर करून बघत राहिली, आणि आता तिलाही ती बाईच दिसायला लागली – एका हाताची, ओलीचिंब, अजून वर येणारी… ओरडावंसं वाटत होतं. काय ओरडावं, ते तिला ठाऊक नव्हतं.