मशीन

काकूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि विचारलं,

“ही कोण पोरगी?”

“तुम्हीच आहात, काकू. ‘पुरे करा रे, डोकं उठलं माझं’ असं म्हणताय.”

“म्हटलं असेन. शंभरदा म्हटलं असेन. पण हा आवाज माझा नाही. मी काय अशी चिरकते?”

गिटारवाला हसला. बावीस वर्षांपूर्वी याच घराच्या मागच्या खोलीत त्यांच्या बँडने पहिली कॅसेट रेकॉर्ड केली होती. अकरा मिनिटांत एकोणीस गाणी. ग्राइंडकोर म्हणजे मेटल संगीताच्या घराण्यातलं सगळ्यात द्वाड कार्टं; गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलेलं असतं. शेवटी काकूंची ती आरोळी तशीच राहून गेली होती. ऐकणाऱ्यांना ती लहान मुलगी वाटे आणि तिच्याविषयी नाही नाही त्या कथा पसरल्या होत्या. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते एक बरंच होतं.

आता ती कॅसेट नव्याने निघणार होती. दोन महिन्यांनी कार्यक्रम होता आणि त्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची होती. पण काकूंच्या मुलाने, म्हणजे बँडच्या ड्रमरने, गेल्याच आठवड्यात हात वर केले होते. त्याचं सलून होतं. मनगटं इतकी दुखायची, की दुपारनंतर कात्री धरवत नसे. “पहिल्या कॅसेटचा वेग आता माझ्याच्याने होत नाही. दुसरा कोणी बघा,” एवढंच तो म्हणाला होता. सगळे त्याला मशीन म्हणत.

काकूंचा आवाज मात्र गिटारवाल्याच्या डोक्यातून जाईना. त्याने लॅपटॉपवर त्या ओळीचा वेग थोडा कमी केला, मग आणखी थोडा. एका जागी ती पोरगी नाहीशी झाली आणि काकू अवतरल्या, पदर खोचून दारात उभ्या असाव्यात तशा.

“हां, ही मी,” काकू म्हणाल्या आणि समाधानाने आत गेल्या.

मग त्याला रेकॉर्डिंगचा दिवस आठवला. त्या दिवशी खोलीतले दोन्ही प्लग गिटारच्या अँप्सनी अडवले होते, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर चालवला होता. सेल उतरत गेले, टेप हळू फिरत गेली आणि नंतर नव्या सेलवर लावल्यावर सगळं धावत सुटलं. गिटारचा सूरही चढा लागत होता, पण तेव्हा आपल्याला सूर लावायची अक्कल नव्हती, असंच तो आजवर समजत आला होता. त्याने शेवटचं गाणं त्याच कमी वेगाने लावलं. ड्रमचा एकेक ठोका सुटा आणि भरीव ऐकू आला. चांगलं वाजवत होता पठ्ठ्या. पण हे माणसाचं वाजवणं होतं.

त्या वेगापायी पुढचं प्रत्येक रेकॉर्डिंग आधीच्यापेक्षा जलद झालं होतं. गिटार त्यामागे धावली, गायकाचा आवाज घशातून पोटात उतरला, आणि लोक म्हणाले, बँडला स्वतःचा बाज सापडला. त्याची किंमत मोजली होती दोन मनगटांनी. हे मित्राला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मशीन जेवायला घरी आला. मोरीत हात धुऊन तो टॉवेल शोधत होता, तेव्हाच गिटारवाल्याने धीर करून सांगून टाकलं.

“सेल उतरले होते रे. आपण इतकं जलद वाजवलंच नव्हतं.”

मशीनने एकेक बोट कोरडं केलं.

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“त्याच संध्याकाळपासून. माझे हात मला कळणार नाहीत? सांगणारच होतो. तेवढ्यात तू उडी मारून म्हणालास, हा माणूस आहे की मशीन.”

“मग?”

“मग व्हावं लागलं. तिसऱ्या रेकॉर्डिंगला गाठला तो वेग.” तो किंचित हसला. “त्या रात्री झोप लागली मला नीट.”

गिटारवाल्याला त्याचा राग यायला हवा होता. लाज वाटली ती स्वतःची. बावीस वर्षं त्याने ते नाव सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

“कार्यक्रमात पहिली कॅसेट वाजवायची आहे ना?” तो म्हणाला. “मग त्या दिवशी वाजवली तशीच वाजवू.”

“लोक विचारतील, मशीनला काय झालं.”

“विचारू देत. मी सांगेन.”

मशीनने टॉवेलची घडी घातली. मग त्याने स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

“आई, माझ्या काठ्या?”

“कपाटावर आहेत. तू टाकायला काढल्या होत्यास, मी उचलून ठेवल्या.”

मागच्या खोलीत त्याने ड्रमवरची चादर ओढली. गिटारवाल्याने भिंतीला टेकवलेली जुनी गिटार उचलून अँपला जोडली. मशीनने काठीवर काठी मारून चार मोजले, सावकाश. दोघांनी एकदमच सुरुवात केली, पण चार मात्रांतच गिटार पुढे निघून गेली. पुन्हा चार मोजले. गिटार पुन्हा पुढे. त्याचा हात ऐकेचना. बावीस वर्षांत त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

मशीनने झांज बोटांनी धरून थांबवली.

“धावू नकोस,” तो म्हणाला. “मी इथे आहे.”