दाताच्या दवाखान्यातला खोकला

दाताच्या डॉक्टरांचा माणसाच्या तोंडावर फार विश्वास. "दुखतंय का?" असं विचारायचे, पेशंट "नाही" म्हणायचा आणि डॉक्टर खुशाल पुढे घुसायचे. त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेली मदतनीस मात्र तोंडाकडे बघतच नसे. ती बघे पायांकडे. माणूस तोंडानं कितीही शूर असू दे, पायाची बोटं पक्की चुगलखोर. ती आवळली की ही खोकायची आणि डॉक्टरांनी हात थांबवायचा, असं दोघांचं ठरलेलं. पेशंटना वाटे, बिचारीची छाती कमकुवत. एका आजीनं तर तिला काढ्याची बाटली आणून दिली होती.

त्या दिवशी खुर्चीत येऊन बसली ती तिची थोरली जाऊ.

सासूच्या शिलाई मशीनवरून दोघींत सहा वर्षं अबोला होता. शिवता येई धाकटीला, मशीन उचलून नेलं थोरलीनं. आता राग कधीचाच विटून गेला होता. आधी कोण बोलणार, एवढंच अडलं होतं. थोरलीनं एक हाक मारली असती, तर धाकटी अनवाणी धावली असती. पण समोर आली की थोरली भिंतीशी बोले.

"दुखलं तर सांगा," डॉक्टर म्हणाले.

"मला काही दुखत नाही," थोरलीनं छताला सांगितलं. "दोन बाळंतपणं केलीत, हूं की चूं न करता."

दोन्ही वेळा धाकटी दाराबाहेर उभी होती. शिव्या तीन मजले खाली ऐकू गेल्या होत्या.

भूल दिली. डॉक्टरांनी दाढ हलवून पाहिली. बोटं आवळली. धाकटीनं मनात तीनपर्यंत मोजलं. खोटं कशाला सांगा, पाचपर्यंत मोजलं. मग खोकली. डॉक्टरांनी आणखी भूल दिली, बोटं सैल पडली.

डॉक्टर पकड घ्यायला वळले, तोच बोटं पुन्हा आवळली. अशी, की अंगठा पांढराफटक. धाकटी खोकली.

"अहो, मी अजून हात कुठे लावलाय?" डॉक्टर वैतागून बोलू नये ते बोलले. "बोटं नीट बघा की!"

थोरलीनं मान उचलून आधी आपले पाय पाहिले, मग जावेला. अर्धा गाल बधिर, ओठ एकीकडे लोंबलेला.

"मशीन गंजतंय," ती बोबडं बोलली. "न्यायचं तर ने. नाहीतर भंगारात घालते."

म्हणजे ही दुसरी आवळाआवळ या वाक्यासाठी होती तर! पकडीला भिणारी बोटं आणि जावेला भिणारी बोटं सारखीच दिसतात, हे धाकटीला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. भंगार म्हणता म्हणता थोरलीनं तिच्या ॲप्रनचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"मला नको तुमचं ते खटारं," धाकटी म्हणाली आणि कापसानं तिच्या हनुवटीवरची लाळ टिपू लागली. लाळ संपली तरी टिपत राहिली. "तेल तरी घालायचं होतं त्यात."

"तू कुठे मेली होतीस?"

"हाक मारली होतीत का?"

"बायांनो, इथे भांडू नका हो," डॉक्टर घाबरले.

"भांडतंय कोण?" दोघी एकदम खेकसल्या.

थोरलीनं ॲप्रन काही सोडला नाही. डॉक्टरांनाच दाढ काढायला पलीकडून वळसा घालून यावं लागलं.