सतरा नंबरची वही

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. आता बोटाच्या पेराएवढी उरले आहे. पण एके काळी माझा तोरा पाहण्यासारखा होता. एक टोक लाल, दुसरे निळे! बीदरच्या एका दुकानात मी बरणीत उभी होते, तिथून नलिनीबाईंनी मला उचलले.

बाई कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावात मराठी शिकवत आणि कडगंचीच्या विद्यापीठासाठी संशोधन करत. मुले निबंधात वाक्ये कशी जुळवतात, हा त्यांचा विषय. मुख्य वाक्याखाली त्या माझी लाल रेघ ओढत, गौण वाक्याखाली निळी. नाव पाहून मन झुकू नये म्हणून वहीवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत आणि वर नुसता आकडा घालत. मला त्या शिस्तीचा केवढा अभिमान!

एके दुपारी सतरा नंबरची वही उघडली. विषय होता 'माझे घर'. "जी खोली बंद असते, तिच्यात अक्का राहते. अक्का जेव्हा आतून दार वाजवते, तेव्हा अप्पा टीव्हीचा आवाज वाढवतात."

बाईंचा चेहरा उजळला. बाकीची मुले 'गाय दूध देते'च्या पुढे सरकत नव्हती, आणि इथे ओळीने मिश्र वाक्ये! मी सरसर रेघा ओढल्या. समासात लाल टोकाने 'शाब्बास!' लिहिले. मी अगदी फुलून गेले.

त्या दिवसापासून मला डबीत चैन पडेना. शिक्षकांची खोली रिकामी झाली की डबीवर कुणीतरी ठकठक करी. एकदा. मग थांबून दोनदा.

पुढचा निबंध सणावर होता. "आम्ही जेव्हा पुरणपोळी खातो, तेव्हा दाराखालून अक्काची बोटे बाहेर येतात." माझे शिसे गार पडले. बाईंनी मात्र रेघा मारल्या, आकडे टिपले आणि पान उलटले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसरा निबंध आला. "जरी मी हाक मारली, तरी अक्का आता दार वाजवत नाही."

खरे सांगते, त्या दिवशी डबीवरची ठकठकही थांबली होती. ती ऐकू येत नव्हती म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ ओढायला घेतली आणि माझे टोक मोडले. त्यांनी टोक केले; ते पुन्हा मोडले. तिसऱ्यांदा मोडले तेव्हा चिडून त्या वहीवर वाकल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी ते वाक्य वाचले. मग मागची पाने वाचली. नखाने पट्टी खरवडली. खाली नाव होते ज्योती.

मुख्याध्यापक भीमण्णांना घेऊन बाई तशाच निघाल्या. मी त्यांच्या मुठीतच होते. दारात ज्योतीचे वडील अंबाजी आडवे आले.

"सासरहून आल्यापासून थोरलीला भ्रम झालाय, बाई. लोक काय म्हणतेत म्हणून कडी घातलो."

"कडी काढा, अंबाजी," भीमण्णा म्हणाले, "न्हाईतर पोलीस येतेत."

कडी निघाली. अक्का दाराशीच पडली होती, बोटे फटीकडे वळलेली. भीमण्णांनी नाडी पाहिली. चालू होती. लगेच जीप करून तिला बीदरच्या दवाखान्यात नेले.

जीप गेल्यावर बाईंनी ज्योतीला जवळ घेतले. "बाळ, मला सांगितलं का नाहीस ग?"

"लिव्हले होते की, बाई." ज्योती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमी शाब्बास म्हणून लिव्हलाव. मग मला वाटलं, असंच ऱ्हायचं असतंय."

बाईंची मूठ इतकी आवळली की माझे लाकूड चिरले.

अक्का आता हळूहळू सावरते आहे. बाई अजूनही रेघा ओढतात, पण आधी निबंध पुरता वाचतात. मला जपा, असे मी म्हणत नाही, मित्रांनो. माझे आयुष्य झिजण्यातच सरायचे. पण कुणी विश्वासाने काही लिहून तुमच्या हातात दिले, तर आधी ते नीट वाचा. त्या वहीतला 'शाब्बास!' बाईंनी रबराने खूप घासून पाहिला. कागद फाटला, तरी मागच्या पानावर तो लाल दिसतोच आहे.