छपराखालची जागा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. धड मोटार नाही आणि धड जीपही नाही, अशी मधल्या चणीची. लांबीला आखूड, उंचीला जरा जास्त. माझा रंग विटकरी आहे, निदान एके काळी होता. डावा आरसा उजव्यापेक्षा नवा दिसतो, कारण तो नवाच आहे. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसले आले मन आणि कसला मत्सर! पण मत्सर करायला फार मोठे मन लागत नाही. एक छप्पर आणि दोन गाड्या, एवढे पुरते.

माझा पहिला मालक औषधांच्या कंपनीचा तरुण विक्रेता होता. माझ्या अंगावर धुळीचा कण त्याला खपत नसे. सुट्टीच्या दिवशी तो मला फेसाने न्हाऊ घाली, मेण लावून चमकवी आणि माझ्याशेजारी उभा राहून फोटो काढी. लोक वळून बघत, आणि मीही भाव खाऊन घेई. माझे गिअर आपोआप बदलतात. त्यासाठी आत एक वेगळे तेल असते आणि ते अधूनमधून बदलावे लागते. वर्कशॉपमधल्या माणसाने त्याला तसे सांगितलेही.

"गाडी पळतेय ना? मग राहू दे," तो म्हणाला.

ते तेल राहिले ते राहिलेच. वरून मी आरशासारखी लखलखीत होते आणि आत काळवंडत चालले होते. पुढे त्याला बढती मिळाली, मोठी गाडी मिळाली आणि त्याने मला जुन्या गाड्यांच्या आवारात नेऊन उभे केले. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

त्या आवारात एक कुटुंब आले. मुलगा विम्याच्या कचेरीत काम करणारा. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. आणि मुलाचे वडील. ते आयुष्यभर कोट शिवत आले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना झटका येऊन गेला होता. डाव्या हाताची बोटे मिटत नव्हती आणि गुडघे वाकायला तयार नव्हते. आधी त्यांना एका बुटक्या गाडीत बसवून पाहिले, तर खड्ड्यात उतरवावे तसे उतरवावे लागले. मग एका उंच गाडीत चढवून पाहिले, तर मुलाला घाम फुटला. माझ्या दाराशी आल्यावर मास्तर पाठमोरे झाले, हलकेच टेकले आणि एकेक पाय आत घेतला. कोणाचाही हात न धरता.

"हीच घ्या," ते म्हणाले.

"बाबा, इंजिन तरी बघू द्या."

"इंजिन तू बघ. बसायचं मला आहे."

मुलाने मला घेऊन आवारात एक चक्कर मारली, एसी लावून पाहिला, रेडिओ लावून पाहिला, झाले इंजिन बघून!

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. मला चालवायची ती सून. मास्तर तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. दर आठवड्याला ती मास्तरांना हाताच्या व्यायामासाठी एका केंद्रात नेई. तिथे ते मणी उचलत, टाचण्या वेचत आणि घामाघूम होऊन परत येत. परतीच्या वाटेवर मात्र त्यांची कळी खुले. रस्त्यावरच्या माणसांचे कपडे बघून ते शेरे मारत.

"तो बघ, डाव्या खांद्यावर कोट कसा वर चढलाय. शिंप्याशी भांडण झालेलं दिसतंय."

"आणि त्या बाईंचा?"

"तो उसना आहे. बाह्या सांगतायत."

सूनबाईला इतके हसू येई की सिग्नल हिरवा होऊन मागचे भोंगे वाजू लागत.

माझ्या तक्रारी तेव्हाही होत्या. खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकांपाशी टकटक वाजे. बॅटरी बसली, एसीने फुंकर मारणे सोडले, इंजिनखाली तेलाचे ठिपके पडू लागले. सूनबाई मला गॅरेजवाल्या काकांकडे नेई. ते कान देऊन ऐकत आणि म्हणत, "या वयात सगळ्यांचेच सांधे वाजतात हो." खर्च होई, पण सोसण्यासारखा. माझे आसन उसवले, तेव्हा मास्तरांनी वाकडी सुई मागवून घेतली आणि ते स्वतः शिवले. डाव्या हाताने कापड दाबून ठेवायचे, उजव्याने टाका घालायचा. शिवण नागमोडी झाली. पण झटक्यानंतर त्यांनी घातलेले ते पहिले टाके होते. सूनबाईने त्यांवरून बोट फिरवले आणि बराच वेळ चावी फिरवलीच नाही.

आणि मग ती आली.

पांढरी शुभ्र, लांबलचक, जमिनीलगत बसलेली. विजेवर चालणारी. मुलाने ती आणली आणि त्याच दिवशी मला छपराखालून काढून फाटकाजवळच्या झाडाखाली उभे केले. पाखरांनी माझ्या टपाची काय दशा केली ते सांगत नाही. छपराखाली पांढरी झोपे आणि मी रात्रभर दवात. मुलगा तिला मऊ फडक्याने पुसे. माझ्या वाट्याला तिचेच मळलेले फडके येई. तिचे दार मिटताना कसा हळुवार आवाज होई! माझे दार लावायला हिसका द्यावा लागतो. ती फाटकातून निघाली तरी कळत नसे, आणि मी सुरू झाले की शेजारी खिडकीत येत.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. तिच्या चाकात खिळा घुसावा, तिच्या काचेवर तडा जावा, असे मला मनापासून वाटे. बाकी काही नाही, तर निदान पाखरांनी एकदा तरी छपराखाली जावे!

एकाच गोष्टीने माझा जीव थंड होई. मास्तर तिच्यात बसत नसत. पहिल्या दिवशी मुलाने त्यांना तिच्यात बसवले आणि परत आल्यावर काखेत हात घालून ओढून बाहेर काढले. दुसऱ्या खेपेला मास्तर काठी टेकत सरळ माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मुलगा नव्या गाडीची चावी हातात धरून तसाच राहिला. मी मनातल्या मनात मिरवून घेतले. मुलाच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलेच नाही.

पण माझ्या आत काहीतरी बिघडत चालले होते. थांबून निघताना मला थरथर सुटे, ताप भरल्यासारखी. काका म्हणाले, "इंजिनखालचं रबर गेलंय." रबर बदलले, पैसे गेले, थरथर काही दिवस थांबली आणि दुप्पट होऊन परत आली.

एका सकाळी केंद्राच्या चढावर घात झाला. सूनबाईने पाय दाबला, इंजिन ओरडले, पण चाकांपर्यंत जोर पोचेना. मी मागे घसरू लागले. मागे एक दुधाची व्हॅन होती. सूनबाईने ब्रेक दाबला, हातब्रेक खेचला आणि मी व्हॅनच्या नाकाशी जाऊन थांबले. मास्तरांनी डाव्या हाताने दाराची मूठ गच्च धरायचा प्रयत्न केला, पण बोटे मिटली नाहीत. ते नुसते त्या हाताकडे बघत राहिले.

सूनबाईचा फोन जाताच मुलगा धावत आला. तो कशात बसून आला, हे सांगायला नकोच. त्याने मास्तरांना माझ्यातून उचलले, दोन्ही हातांवर, लहान मुलाला उचलावे तसे, आणि पांढरीत बसवले. ती आवाज न करता निघून गेली. मी चढावर, चाकांखाली दगड लावलेली, जळत उभी राहिले.

मोठ्या वर्कशॉपने माझा निकाल एका वाक्यात लावला. "अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल." सांगितलेला आकडा माझ्या स्वतःच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. मला ओढून घरी आणले. भंगारवजा गाड्या घेणारा एक माणूस येऊन माझे टायर लाथेने ठोकून गेला.

मास्तर व्यायामाला जाईनात. रोज सकाळी ते काठी टेकत येत, माझ्या बंद पडलेल्या देहात बसत आणि फाटकाकडे बघत राहत. एके दिवशी मुलगा आला आणि चालकाच्या आसनावर बसला. माझ्यात तो क्वचितच बसला असेल.

"बाबा, बोटं परत आखडायला लागलीत. माझी गाडी दारात उभी आहे आणि तुम्ही या बंद गाडीत येऊन बसता."

"तुझी गाडी चांगली आहे."

"मग?"

"तिच्यात मला ठेवतात. हिच्यात मी बसतो."

मुलाने स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "ती गाडी मी कोणासाठी घेतली, माहीत आहे? तुम्ही दोघं परत यायचात तेव्हा फाटकापासून हसण्याचा आवाज यायचा. मी खिडकीतून बघायचो. आपलं बोलणं काय? मी विचारतो औषध घेतलं का, तुम्ही म्हणता घेतलं. मला वाटलं, आपणही एक चांगली गाडी घ्यावी. आपल्याशेजारी बसूनही बाबा कधीतरी हसतील."

मित्रांनो, ज्याला मी त्या पांढरीचा माणूस समजत होते, त्याच्याही पोटात माझ्यासारखेच जळत होते. आणि कोणावरून? तर माझ्यावरून!

मास्तर म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझी उचलाउचल नकोशी होते. त्या चढावर तुझं तोंड केवढं उतरलं होतं."

"घाबरलो होतो हो मी. हाताला नुसती हाडं लागली. एवढे हलके कधी झालात तुम्ही?"

मास्तरांनी आपला न मिटणारा डावा हात उचलून मुलाच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः काकांकडे गेला. काकांनी माझे गिअरचे तेल काढले. ते काजळासारखे निघाले. "मागच्या वेळी मी चुकलो," ते सरळ म्हणाले. "रबराचा दोष नव्हताच. पण अख्खा डबा बदलायच्या आधी तेल पुढे पाठवणारा भाग उघडून साफ करू, झिजलंय तेवढं बदलू. वर्ष काढेल, चार काढेल. हमी मात्र देत नाही."

"आणि यापुढे?"

"यापुढे तेल वेळेवर. हे पहिल्या मालकानं केलं असतं, तर आज माझं तोंड बघायची वेळ आली नसती."

खर्च तरीही थोडाथोडका नव्हता. त्या वर्षीचा सहलीचा बेत त्यांनी रद्द केला. मी बरी होऊन आले तेव्हा सूनबाईने चावी नवऱ्यापुढे धरली. "आज दुकानात माणूस कमी आहे. तू ने बाबांना."

त्याला माझी सवय नव्हती. निघताना त्याने असा पाय दाबला की मास्तरांची टोपी मागच्या आसनावर जाऊन पडली. केंद्रापर्यंत दोघेही गप्प. परतीच्या वाटेवर मास्तर एकदम म्हणाले, "तुझी आई गाडी शिकत होती, तेव्हा तिनं सरळ भाजीच्या हातगाडीत घातली होती. तुला सांगितलंय कधी?"

"आईनं? नाही! कधी?"

मास्तर सांगू लागले. टोमॅटो कुठवर गेले, हातगाडीवाल्याला कसा कोट शिवून द्यावा लागला, आणि तो कोट घालून तो पुढे भाजी कशी विकायचा. मुलगा हसून हसून डोळे पुसत होता. घराचे वळण आले आणि गेले. त्याला ते दिसले होते, मला चांगले ठाऊक आहे, कारण माझे चाक त्याच्या हातात किंचित वळले होते. पण त्याने ते पुन्हा सरळ केले आणि आम्ही पुढे निघालो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, तर तिला पुसा, पण बॉनेट उघडून आतही बघा. कुरकुर ऐकू आली तर रेडिओचा आवाज वाढवू नका. आणि घरात कोणी नुसतेच "घेतलं" म्हणून गप्प बसत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन थोडे बसा. आतले तेल कधी काळे पडले, ते बाहेरून दिसत नाही.

मी अजून झाडाखालीच उभी राहते. छपराखालची जागा पांढरीचीच आहे, आणि तिचा थाट आजही माझ्या डोळ्यांत खुपतो. पण त्या दिवशी आम्ही खूप उशिरा परतलो, तेव्हा ती तिथे एकटीच, स्वच्छ, चकचकीत उभी होती. तिला माझा हेवा वाटला असेल का? वाटला असेल, तर वाटू दे.