अर्विन टॉलेफसनची शेवटची बारूद

"मानवजातीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात," अर्विन टॉलेफसन म्हणाला. "ती बारूद निघाली त्याच्या आधीचा आणि त्याच्या नंतरचा. आता कारखान्याने ती बंद केली, म्हणजे इतिहास संपला."

"इतिहास संपला असेल तर ओव्हनमधल्या तुझ्या पुंगळ्या बाहेर काढ," लव्हॉन म्हणाली. "मला रोल भाजायचेत."

अर्विन स्वयंपाकघरातल्या टेबलावर रायफल आडवी घालून बसला होता. साफसफाईसाठी उतरवलेली तिची नेमाची दुर्बीण त्याने नुकतीच परत जागेवर बसवली होती, स्क्रू बोटांनी फिरवून घेतले होते, आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून तो इतिहासाकडे वळला होता. बायकोच्या आवाजात दालचिनीचे रोल आणि धमकी सारख्याच प्रमाणात होती. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हातमोजे चढवले आणि ओव्हनमधला ट्रे बाहेर काढला. धुऊन वाळत घातलेल्या, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या त्यात ओळीने बिस्किटांसारख्या पडल्या होत्या. गेली कित्येक वर्षं त्या घरात बिस्किटं आणि पुंगळ्या एकाच ट्रेमध्ये भाजल्या जात होत्या, आणि पाहुण्यांना हे सांगायची पद्धत नव्हती.

रोल झाले. अर्विनने ते पोटभर खाल्ले, रायफल कपाटात उभी केली आणि समाधानाने झोपायला गेला. स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहिला होता. तो लव्हॉनने खणात ठेवला.

अर्विनने अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका गावात आयुष्यभर शाळेची बस चालवली. बर्फ असो, वादळ असो, बस वेळेवर. एवढं सोडलं तर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं गाव म्हणे. अर्विनचं म्हणणं निराळं होतं. तो काडतुसं स्वतः भरत असे. गॅरेजमधल्या बाकावर बसून, तराजूच्या पारड्यात छोट्या चमच्याने बारूद कणाकणाने टाकायची, काटा थरथरत मधोमध आला की श्वास सोडायचा, मग ती पुंगळीत ओतून वर गोळी बसवायची. दुकानातली तयार काडतुसं वापरणाऱ्यांबद्दल त्याला राग नव्हता. डबाबंद सूप पिणाऱ्यांबद्दल वाटते तशी दया होती.

आणि या सगळ्या काळात बारूद एकच. तिचा वास त्याला ठाऊक होता, थंडीत ती कशी वागते ते ठाऊक होतं. लव्हॉनशी भांडण झालं की तो गॅरेजमध्ये जाऊन बारुदीचा डबा उघडून बसे. दर शरद ऋतूत एल्क जातीचं एक मोठं हरीण, आणि हिवाळाभर फ्रीजरमध्ये मांस. त्यातलं थोडं चर्चशेजारच्या विधवेला, थोडं मर्लला.

मर्ल म्हणजे हार्डवेअरवाला. बारूद बंद झाल्याची बातमी त्यानेच आणली होती, आणि सोबत नव्या बारुदीचा एक डबाही.

"करून तर बघ," मर्ल म्हणाला होता. "थंडी-उन्हात सारखीच चालते म्हणतात."

"सारखीच चालते? म्हणजे तिला स्वतःचा स्वभाव नाही."

"अर्विन, बारूद आहे. तुला तिच्याशी लग्न करायचं नाही."

"एकाच वेळी दोन डबे बाकावर ठेवायचे नाहीत, हा नियम आहे," अर्विन म्हणाला. नियम खरा होता. दोन बारुदींची अदलाबदल झाली तर रायफल तोंडावर फुटते. पण नव्या डब्यासाठी जागा करायची म्हणून जुना रिकामा डबा त्याने स्वयंपाकघरात मसाल्यांच्या फळीवर, ओव्याच्या शेजारी, सन्मानाने ठेवला, त्याचा नियमाशी संबंध नव्हता. तो लव्हॉनने त्याच दिवशी खाली काढला.

जुन्या बारुदीची भरलेली मोजकी काडतुसं उरली होती. ती त्याने या शरदासाठी जपली होती. "ती संपली की माझी शिकारही संपली," असं तो जेवताना सांगे. लव्हॉन मान हलवून वाटाणे पुढे करी.

तिला कळत होतं ते वेगळंच. गेल्या वर्षी टेकडी चढताना तो दोनदा बुटाची नाडी बांधायला थांबला होता, आणि त्याच्या बुटाला नाड्या नव्हत्या. काचा पुसूनही त्याला चष्म्यातून धूसर दिसे. शिकार सोडायची तर दोष बारुदीच्या माथी मारून सोडावी, आपल्या माथी नको, एवढंच त्याला हवं होतं. एके सकाळी फ्रीजर उघडून तिने त्याला नुसता तळ दाखवला.

"नवी बारूद भरून बघ," ती म्हणाली. "नाही जमलं तर दोघं कोंबडी खाऊ."

कोंबडी हा शब्द अर्विनला लागला.

त्याने पुस्तकात सांगितलेल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करून थोडी थोडी वाढवत नवी काडतुसं भरली. प्रत्येकाच्या बुडाला मापाप्रमाणे एक, दोन किंवा तीन ठिपके लाल शाई लावली. ती मापं ओळखायला होती, पण लावताना त्याचा चेहरा विषाच्या बाटलीवर खूण करणाऱ्यासारखा होता.

नेमबाजीचं मैदान गावाच्या कचरा डेपोला लागून होतं. त्यामुळे शनिवारी लोक जुना सोफा टाकायला येत आणि जाता जाता चार गोळ्या झाडून जात. ऊन छान पडलं होतं. मर्ल आधीच खुर्ची टाकून बसला होता. लव्हॉनने कॉफीचा थर्मास आणि राहिलेले रोल आणले होते.

अर्विनने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, कानांवर टोप चढवले आणि तीन बार काढले. नळी थंड होईतो रोल खायचा, अशी इथली रीत. मग लांब उभ्या केलेल्या कागदाकडे सगळे चालत गेले. तीन भोकं होती, आणि तिघं एकमेकांच्या ओळखीचीही वाटत नव्हती.

"बघा," अर्विन म्हणाला. गेल्या महिन्याभरात तो इतका आनंदी दिसला नव्हता. "स्वभाव नाही म्हटलं ना मी."

"वाढव जरा माप," मर्ल म्हणाला.

त्याने पुढच्या मापाची काडतुसं घेतली. भोकं आणखी पांगली. तिसऱ्या मापाला एक गोळी कागदावर सापडलीच नाही.

"ही बारूद," अर्विन रोल चावत म्हणाला, "फटाक्यात घालावी. तेही शेजाऱ्याच्या."

मर्लने कॉफी संपवली. "रायफल तीच, माणूस तोच. तीन जुनी काढ. शेजारी शेजारी ठेवून बघू."

"ती शिकारीसाठी आहेत."

"राहू दे. मला काय, मी समजेन तू घाबरलास."

अर्विनने खिशातली पेटी काढली. तिच्यात नेमकी तीनच होती. ती झाडली की या शरदाला काही उरणार नाही, हे त्याला माहीत होतं, लव्हॉनला माहीत होतं, आणि मर्लला नंतर कळलं. पण मर्लसमोर घाबरलेला माणूस म्हणून हिवाळा काढणं शक्य नव्हतं. त्याने एकेक काडतूस बोटांत फिरवून पाहिलं आणि एकेक झाडलं. जुन्या बारुदीचा ओळखीचा धूर बाकावर थोडा वेळ रेंगाळला.

कागदाकडे जाताना तो पुढे होता. येताना मागे राहिला. जुन्या बारुदीची भोकं नव्या बारुदीपेक्षाही लांब लांब पडली होती.

मर्लने एक रोल त्याच्यापुढे केला. मर्लला दया आली, हे सर्वांत वाईट होतं.

अर्विन बाकावर बसला. डेपोवर कावळे एका गादीवरून भांडत होते. त्याने रायफल उचलली, गालाजवळच्या झिजलेल्या लाकडावरून अंगठा फिरवला आणि ती लव्हॉनपुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "बारूद चांगली आहे. दोन्ही चांगल्या आहेत. माझेच डोळे गेले. या वर्षी तू जा. तुझा हात स्थिर आहे. मी काडतुसं भरून देईन आणि घरी बसून कोंबडी उकडीन."

हे तो साध्या आवाजात म्हणाला, इतिहासाचा उल्लेख न करता. लव्हॉनने रायफल खांद्याला लावली, उगीच, त्याचं मन राखायला. दुर्बिणीतून पाहण्यासाठी ती नीट धरायला गेली आणि थांबली.

"अर्विन, ही दुर्बीण हलायला हवी का?"

"काय?"

"हलते आहे. पडायला आलेला दात हलतो तशी."

मर्लने पुढे वाकून दुर्बिणीला बोट लावलं. ती विनातक्रार डावीकडे गेली आणि मग उजवीकडे आली. मर्लने खुर्चीत बसायचा प्रयत्न केला, पण हसण्यामुळे खुर्ची चुकली आणि तो गवतात बसला.

"स्क्रू आवळलेच नाहीस? चार दशकं बारुदीचा कण न् कण तोलतोस आणि स्क्रू..."

"आवळणार होतो," अर्विन म्हणाला. त्याला टेबल आठवलं, स्क्रूड्रायव्हर आठवला, आणि ओव्हन आठवला. "रोल झाले."

"आता रोलला दोष दे," लव्हॉन म्हणाली.

"देत नाही. चांगले झाले होते."

मर्लच्या पिकअपमध्ये स्क्रूड्रायव्हर होता. स्क्रू घट्ट झाले. सुरुवातीच्या दोन गोळ्या भलतीकडे गेल्या, म्हणून दुर्बिणीचं चाक टिकटिक करत फिरवून नेम जुळवला. मग अर्विनने लाल शाईची उरलेली तीन काडतुसं घेतली. नळी थंड होईतो कोणी रोल खाल्ला नाही. कागदाकडे तिघं एकत्रच गेले, आणि मर्लने खिशातलं नाणं काढून कागदावर ठेवलं. तीनही भोकं नाण्याखाली झाकली गेली.

अर्विन बराच वेळ ते नाणं बघत उभा होता. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. नाणं धूसर दिसत होतं, पण तो चष्म्याचा दोष नव्हता.

परत येऊन त्याने बाकावरच्या पुंगळ्या गोळा केल्या. बुडाला लाल शाई नसलेल्या तीन निराळ्या काढल्या. त्यातली एक नाकाशी नेली, हुंगली आणि शर्टाच्या खिशात टाकली. ती बारूद आता जगात कुठेच नव्हती. तिच्या शेवटच्या तीन चिमटी त्याने एका सैल स्क्रूपायी कचरा डेपोच्या दिशेने उडवून दिल्या होत्या. मग त्याचे खांदे हलायला लागले. लव्हॉन घाबरून जवळ गेली तर तो हसत होता. मर्ल तर निमित्ताचीच वाट बघत होता, त्यामुळे लवकरच तिघंही हसू लागले. सोफा टाकायला आलेला एक माणूस सोफा गाडीतच ठेवून थोडा वेळ बघत राहिला.

घरी जाताना गाडी लव्हॉनने चालवली. अर्विनने खिडकी उघडी ठेवली होती. मांडीवर नव्या बारुदीचा डबा होता, आणि त्यावर दोन्ही हात.

"मानवजातीच्या इतिहासाचे," तो म्हणाला, "तीन भाग पडतात. तिसरा आज सुरू झाला. या शरदाला मी त्या टेकडीवर जाणार, दर शंभर पावलांना बसावं लागलं तरी जाणार. तू माझ्याबरोबर येणार. आणि ही बारूद, लव्हॉन, हिला स्वभाव आहे. मी तिच्यावर अन्याय केला. एखाद्या माणसाला या वयात सगळं नव्याने सुरू करायला मिळावं, याहून मोठं..."

"सगळं नव्याने ना?" लव्हॉनने विचारलं.

"सगळं."

"मग बारूद मोजायला नेलेला माझा पाव चमचाही परत दे. लग्नात आईने दिलेल्या संचातला. आणि धुऊन दे."