पायरी ओळखणारा पंप

"गाडीला जुनाच पंप बसवू," मेस्त्री म्हणाला. "आतला पडदा नवा टाकला की झालं. इंजिन फिरेल तसं तो पेट्रोल ओढतो, कार्बोरेटरला झेपेल तेवढंच देतो. दाब आवरायला रेग्युलेटर लावायची भानगड नाही. आपली पायरी ओळखून असतो बिचारा."

हे शेवटचं वाक्य गाडी दुरुस्तीला आणणाऱ्याला झोंबलं. पायरी ओळखून राहणं म्हणजे काय, ते त्याने घरात जन्मभर पाहिलं होतं.

"इलेक्ट्रिकच घालू."

"मग रेग्युलेटर घ्यावाच लागेल. नव्या पंपाचा जोर या म्हाताऱ्या कार्बोरेटरला सोसायचा नाही. वाटीनं पिणाऱ्याच्या तोंडाला बादली लावल्यासारखं होईल."

"घेऊ की."

मेस्त्रीने हात पुसले आणि विषय सोडला.

गाडी आणणारा स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचा. गाड्यांतलं त्याला फारसं कळत नव्हतं. ही गाडी त्याच्या वडिलांनी उभा जन्म चालवली, पण साहेबांची, त्यांचा ड्रायव्हर म्हणून. साहेब गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती शेडमध्ये गंजत टाकली आणि शेवटी भंगारात काढली, तेव्हा याने उचलली. हौसेला मोल नसतं, असं लोक म्हणाले. हौस कसली डोंबलाची! आई तापाने फणफणली होती तेव्हा हीच गाडी धुण्यासाठी दारात उभी होती, आणि बाबा आईला पायी दवाखान्यात घेऊन गेले होते. गाडी आपली नाही, एवढंच म्हणाले. आई त्या गाडीत कधी बसली नाही, आणि आता बसवायला ती राहिलीही नव्हती. निदान बाबांना एकदा मागच्या सीटवर मालकासारखं बसवायचं, हा त्याचा हट्ट होता. तोही लवकर पुरा व्हायला हवा होता. बाबा जेवून हात धुवायचे आणि जेवण कधी मिळणार म्हणून विचारायचे.

पंप बसला. रेग्युलेटरचा स्क्रू पिळून पिळून मेस्त्रीने दाब जुळवला. रविवारी मुलगा बाबांना गॅरेजमध्ये घेऊन आला. किल्ली फिरवताच मागे पंपाची टकटक सुरू झाली आणि गाडी झकास चालू झाली. बाबा कान देऊन ऐकत राहिले.

"कोणाची हो गाडी?" त्यांनी मुलालाच विचारलं.

"बाबा, तुमचीच. तुम्ही चालवायचात ती."

"छे. ती अशी टकटक करत नाही. तिला घोट पाजावा लागतो."

आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

"घोट म्हणजे?" त्याने मेस्त्रीला विचारलं.

"जुन्या पंपाला खाली हाताचा खटका असतो. गाडी उभी राहून कार्बोरेटर सुकला की तो दाबून पेट्रोल वर चढवायचं. त्यालाच म्हणत असतील."

त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली. "काढ तो नवा."

"रेग्युलेटर पण?"

"सगळंच काढ. जुना बसव."

पुढच्या रविवारी बाबांनी कोणाला न विचारता बॉनेट उघडलं. शर्टाची बटणंसुद्धा ज्यांना लावून द्यावी लागत, त्यांचा हात न बघता खाली गेला आणि नेमका खटक्यावर पडला. "घे गं बाई, घे," ते पुटपुटत होते. मुलाने किल्ली फिरवली आणि एका दमात गाडी सुरू झाली. टकटक नाही, काही नाही. बाबा हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. त्याने धावत जाऊन मागचं दार उघडलं.

"या बाबा. आज तुम्ही मागे बसायचं."

बाबा आले. त्यांनी कॉलर नीट केली, मुलाच्या हातातून दार अलगद आपल्या हातात घेतलं आणि एक पाऊल मागे सरून मान खाली घातली.

"बसा, साहेब."

"बाबा, मी आहे."

"हो, साहेब. उशीर होतोय."

मेस्त्री पाने आवरायला लागला. मुलाने समजावून पाहिलं, खांद्याला धरून पाहिलं, एकदा तर तो चक्क ओरडला. पण बाबा दार काही सोडेनात. साहेब बसल्याशिवाय ते हलणार नव्हते. शेवटी तोच आत जाऊन बसला.

घरी बाबांच्या हातून दारं कायम आपटायची. आई दर वेळी दचकायची आणि म्हणायची, या माणसाच्या हाताला हळू म्हणून ठाऊकच नाही. हे दार त्यांनी असं लावलं की आवाजसुद्धा झाला नाही.